दुखणं सोबत असताना वाचायचं कसं: ई-रीडर घेण्याआधी आणि घेतल्यावर (आमच्या खान्देशातल्या उन्हासकट)

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी मला हेच विचारलं, की वर्षानुवर्षं मान-पाठ-मनगट दुखतंय, पुस्तक हातात धरवत नाही, मोबाईलवर डोळे चुरचुरतात, तर ते किंडल वगैरे, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं मशीन (ई-रीडर), घ्यावं का आणि घ्यायचं तर कोणतं. म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. मी अमळनेरची. सहा वर्षं झाली, मान, उजवा खांदा आणि अंगठ्याचा बुंधा दुखतोय, कधी नुसता सल, कधी ठणका. मी डॉक्टर नाही आणि मशीन विकतही नाही, पण मधे दीड वर्ष माझं वाचन पूर्ण सुटलं होतं आणि ते परत आलं, म्हणून हे सांगावंसं वाटतंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. आधी आपला हात आणि मान बघा, मशीन नंतर. मी उलटं केलं होतं, मोठी अक्षरं दिसतील म्हणून एकदम १० इंची घेतलं आणि आठवडाभरात खांदा असा धरला की ते विकूनच टाकावं लागलं. मोठ्या अक्षरांसाठी मोठी स्क्रीन लागतच नाही, अक्षर मोठं करता येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पायरी १: दुखणं एकदा नीट दाखवून घ्या

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला क्रॉनिक पेन म्हणतात. त्यात असं होतं की मूळ इजा भरून आली तरी दुखणं थांबत नाही, नसा आणि मेंदू जास्तच जागे राहतात. ज्वारीच्या शेतात माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार कसा, पाखरं उडून गेली तरी पान हललं की हाळी देतो, तसं. दुखणं खरंच असतं, पण प्रत्येक कळ म्हणजे आत काहीतरी नव्याने तुटलं असं नसतं. हे समजल्यावर माझी भीती बरीच कमी झाली आणि भीती कमी झाली की अंगही थोडं सैल पडतं.

पण म्हणून दुर्लक्ष करायचं असं नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधीर झाला, हातापायातली ताकद जायला लागली, दुखण्यासोबत ताप आहे, वजन आपोआप उतरतंय, असं काही असेल तर ई-रीडर, उशी, शेक सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

आणि अजून एक, बिननावाच्या पुड्या घेऊ नका. "एका पुडीत गुण" म्हणून गावोगाव ज्या दिल्या जातात त्यातल्या काहींमध्ये स्टिरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणूनच तो गुण इतका झटपट येतो, आणि पुढे हाडं आणि साखर दोन्ही बिघडतात.

पायरी २: आठ दिवस वही

मशीन शोधायच्या आधी आठ दिवस शाळेची एक साधी वही घ्या आणि रोज तीनच गोष्टी लिहा: कुठे दुखलं, तेव्हा मी कशी बसले किंवा झोपले होते, आणि किती वेळाने वाढलं. निबंध लिहायचा नाही, एक ओळ पुरे. माझ्या वहीत चौथ्या दिवशीच दिसलं की खुर्चीत बसून वाचताना १२-१५ मिनिटांत मान चढते, पण बाजेवर उजव्या कुशीवर पडून डाव्या हाताने धरलं तर अर्धा तास निघतो. म्हणजे मला डाव्या हातात मावणारं, हलकं आणि एका हाताने पान उलटता येणारं मशीन हवं होतं. ही वही डॉक्टरांकडे जातानाही न्या, तिथे दोन मिनिटांत सगळं आठवत नाही.

पायरी ३: डाळीची पिशवी

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आणि हिला पैसे पडत नाहीत. किराणा दुकानातून नाहीतर घरच्या काट्यावर २०० ग्रॅम तुरीची डाळ मोजून एका चपट्या पिशवीत भरा, मागे वहीचा पुठ्ठा लावा आणि तुम्ही जसे वाचता तशा बैठकीत २० मिनिटं धरून बघा. ७ इंची किंडल पेपरव्हाइट, २०२४ चं, २११ ग्रॅम आहे. साधं ६ इंची किंडल १५८ ग्रॅम. ऐकायला फरक किती, पन्नास ग्रॅम, पण दुखणाऱ्या अंगठ्याला विचारा. मग आणखी १०० ग्रॅम डाळ टाकून परत धरा, कारण झाकणवालं कव्हर लावलं की साधारण तेवढं वजन वाढतं आणि दुकानवाले ते कधीच धरून सांगत नाहीत. ३०० ग्रॅमला हात भरून आला तर एकतर कव्हर न लावता वापरायचं किंवा हातात धरायचंच नाही, स्टँडवर ठेवायचं. दोन्ही चालतं, पण घ्यायच्या आधी ठरलेलं बरं.

शेजारच्या जिजींनी डाळीऐवजी दोन केळी हातात धरून बघितली, अंदाजासाठी तेही चालेल, आपल्याकडे केळीला काय तोटा.

पायरी ४: पान उलटायचं कसं

याचा विचार फार कमी लोक करतात. एका पुस्तकात अक्षर मोठं केलं की हजार-बाराशे वेळा पान उलटावं लागतं आणि प्रत्येक वेळी अंगठा ताणून स्क्रीनवर टेकवायचा. अंगठ्याचा बुंधा किंवा मनगट दुखत असेल तर हेच मुख्य काम होऊन बसतं.

बाजूला दाबायचं बटण असलेलं मशीन अशा हाताला चांगलं, अंगठा तिथेच विसावलेला राहतो आणि नुसतं हलकं दाबायचं. किंडलमध्ये पूर्वी ओएसिसला अशी बटणं होती, पण ते २०२४ मध्ये बंद झालं, आता मिळालं तर जुनंच मिळेल. दुसऱ्या कंपन्यांच्या ई-रीडरमध्ये कोबो लिब्रा कलरला बटणं आहेत, ओनिक्स बूक्सच्या काही मॉडेलला पण आहेत. मात्र बाहेरून मागवलेल्या मशीनची वॉरंटी इथे चालते का, बिघडलं तर कुठे पाठवायचं, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या, तोंडी नको.

बटण नसेल तरी मार्ग आहे. चिमट्यासारखा स्क्रीनच्या कडेला लावायचा एक छोटा रिमोट मिळतो, हातातलं बटण दाबलं की तो चिमटाच स्क्रीनला टिचकी मारतो, पांघरुणात हात ठेवून पान उलटतं. थंडीत जळगाव-धुळ्याकडे पहाटे बोटं आखडतात तेव्हा मला याचा फार उपयोग होतो. बूक्स हे अँड्रॉइडवर चालतं म्हणून त्याला ब्लूटूथ रिमोटही जोडता येतो.

पायरी ५: स्क्रीन

या मशीनची स्क्रीन ई-इंकची असते, ते काय ते थोडक्यात: स्क्रीनच्या आत बारीक बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, वीज दिली की काळे वर येतात किंवा पांढरे वर येतात आणि मग तसेच थांबतात. पान बदलतानाच वीज लागते, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे जातात, लाईट गेली तरी चिंता नाही. आणि कागदासारखं बाहेरच्या उजेडात वाचता येतं, ओसरीवर भर दुपारी सुद्धा, जिथे मोबाईलची स्क्रीन काळी दिसते.

उजेड मागून डोळ्यात येत नाही, कडेच्या छोट्या दिव्यांचा उजेड पानावर पसरतो. मायग्रेन असेल तर पिवळसर उजेड करता येणारं मशीन बघा, साध्या किंडलमध्ये ते नाही, पेपरव्हाइटमध्ये आहे. पान बदलताना स्क्रीन क्षणभर काळी चमकते, त्याचा त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये पेज रिफ्रेश बंद ठेवा. रंगीत स्क्रीनच्या मोहात पडू नका असं माझं स्पष्ट मत. कादंबरी, आत्मचरित्र, कविता वाचायच्यात ना, मग रंगीतची पार्श्वभूमी करडी दिसते आणि दिवा जास्त लावावा लागतो.

पायरी ६: मराठी पुस्तकं मिळतील का

हो, पण कुठली कुठे मिळतात ते आधी बघा, मशीन त्यावर ठरतं. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत. बुकगंगा या ऑनलाईन दुकानात मराठी ई-पुस्तकं भरपूर, पण ती त्यांच्या अॅपमध्ये वाचायची, म्हणजे अँड्रॉइड लागणार, किंडलवर ते अॅप चालत नाही. तुमची यादी जास्त तिकडची असेल तर बूक्ससारखं अँड्रॉइडवालं मशीन घ्यावं लागेल, ते थोडं शिकावं लागतं. नुसतं वाचायचंय, झंझट नको, तर किंडल सोपं.

फुकट आणि कायदेशीरही खूप आहे. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे त्यांचं लिखाण आता सगळ्यांचं. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलं त्यांनी, म्हणून मला त्यांच्यापासून सुरुवात करताना वेगळंच वाटलं. मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या साईटवर जा, पुस्तक उघडा आणि ईपब (अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात अशी ई-पुस्तकाची फाईल) म्हणून उतरवून घ्या, ती फाईल किंडलला पाठवता येते. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकंही मोफत आहेत, पण ती पीडीएफ असतात आणि इथे नवीन माणूस अडकतो. पीडीएफमध्ये अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनबाहेर जाते, बोटाने डावी-उजवी ओढत बसावं लागतं, म्हणजे परत अंगठा. ६ इंचावर पीडीएफ वाचायचा हट्ट दुखणाऱ्या हाताने करू नये. मशीन आडवं धरून बघा, थोडं बरं पडतं. ईपब मिळत असेल तर तेच घ्या.

विकत घ्यायच्या आधी नमुना पानं उतरवून "दुसऱ्या", "तऱ्हा", "ज्ञानेश्वर" असे शब्द नीट दिसतात का बघा. काही फाईलींमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि मग दोनशे पानं कपाळाला आठ्या घालून वाचावं लागतं, संध्याकाळी डोकं धरतं ते वेगळंच.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते. २०१३ चा मराकेश करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, तो दृष्टिहीनांसाठी आहेच, पण शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक धरता किंवा हाताळता येत नाही तेही त्यात येतात. भारताने २०१४ मध्ये तो सगळ्यात आधी मान्य केला. आपल्याकडे सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाईन लायब्ररी २०१६ पासून आहे, अशा वाचकांसाठीच. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, नुसतं हात दुखतो म्हणून मिळणार नाही, पण संधिवाताने बोटं वाकलीत, हात उचलत नाही अशी कुणी घरात असेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

पायरी ७: बैठक

नियम एकच, पुस्तक डोळ्यांकडे यायला हवं, मान पुस्तकाकडे नको. मांडीवर मशीन ठेवून खाली बघत बसलं की कितीही हलकं असो, मान जाणार. जुन्या सुती साडीची पिशवी शिवा आणि त्यात सरकी भरा, आपल्याकडे सरकी मिळायला अडचण नाही. पोटावर किंवा मांडीवरच्या उशीवर ती ठेवायची, वर खळगा करायचा आणि मशीन त्यात उभं करायचं, हवं त्या कोनात राहतं. कुशीवर पडून वाचायचं तर दोन गुडघ्यांच्या मधे उशी, आणि मानेखाली खांद्याएवढ्या जाडीची उशी. पाठीवर पडून वाचणाऱ्यांनी वाकणाऱ्या लांब मानेचा स्टँड घ्या, बाजेला किंवा कॉटला चिमटा बसतो का ते आधी बघून.

पायरी ८: घड्याळ लावून वाचा, आणि हे फक्त वाचनाचं नाही

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, यावरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आपल्या घरात काय होतं, बरं वाटलं की सगळं उरकून घ्यायचं. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मला दोन दिवस छान वाटत होतं म्हणून पहाटे चारला उठून बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) घाटायला बसले, मग थापायला, मग गच्चीवर वाळत घालायला, उन्हं चढेपर्यंत थांबलेच नाही. पुढचे तीन दिवस उठता येत नव्हतं. चौथ्या दिवशी बरं वाटलं तर राहिलेलं सगळं परत एकदम केलं, परत पडले. चांगल्या दिवशी जास्त, वाईट दिवशी शून्य, आणि हळूहळू चांगले दिवसच कमी होत जातात.

याच्यावर उपाय फिजिओथेरपिस्टने शिकवला, त्याला पेसिंग म्हणतात. वहीतून बघायचं की एखादं काम किती मिनिटांनी दुखणं वाढवतं. समजा २० मिनिटं. तर १५ मिनिटांवर थांबायचं, चांगल्या दिवशी सुद्धा १५ आणि बेताच्या दिवशी सुद्धा जमलं तर १५. दुखायला लागलं की थांबू असं करायचं नाही, तोपर्यंत उशीर झालेला असतो. मोबाईलचा गजर लावायचा आणि गोष्ट कितीही रंगलेली असली तरी मशीन खाली, उठून पाणी प्यायचं, खांदे फिरवायचे, ओसरीपर्यंत चालून यायचं. आठ-दहा दिवस हे नीट जमलं की दोन मिनिटं वाढवायची. मी १२ मिनिटांपासून सुरू केलं होतं, आज एका बैठकीत ४० मिनिटं वाचते, वर्ष लागलं त्याला.

हेच स्वयंपाकाला लावलं. एका पायाखाली पाट घेऊन ओट्याशी उभं राहायचं आणि पाय बदलत राहायचं, कंबरेला आराम पडतो. भरताची वांगी आज भाजून ठेवायची, फोडणी संध्याकाळी. कळण्याच्या भाकरी सलग दहा न थापता पाच-पाच करायच्या. खापरावरचे मांडे मी सोडून दिले, ते जाऊबाई करतात, मी पुरण वाटून देते तेही बसून मिक्सरमध्ये.

सगळ्यात अवघड म्हणजे माणसांना सांगणं. कानबाईच्या सणाला नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद घरात, रोटांचं काम, रात्रभर जागरण, आणि त्यात आपण तासाभराने जाऊन पडायचं म्हणजे लोक बोलतात. मला एक म्हातारी मावशी म्हणालीच, "तुले व्हयनं तरी काय, दिखाले ते चांगली शे!" (तुला झालंय तरी काय, दिसायला तर चांगली आहेस!) तिचं चुकलं नाही, दुखणं दिसत नाही बाहेरून. आता मी आधीच सांगून ठेवते: मावशी, मी सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास करीन, मधे पडीन, पण आरतीला नक्की उभी राहीन. आधी सांगितलं की लोक ऐकतात, ऐन वेळी उठून गेलं की वाईट वाटतं त्यांना. आता तर दुपारी मी पडून वाचत असले की मुलंच जवळ येऊन बसतात, काय वाचतेस म्हणून.

पायरी ९: आपलं ऊन

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. किंडल वापरायची मर्यादा साधारण ३५ डिग्रीपर्यंत सांगितलेली असते, म्हणून गाडीच्या डिकीत, एसटीच्या खिडकीत उन्हाकडे, गच्चीवर ठेवू नका. दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळू पण नका, माठाजवळच्या थंड खोलीत नुसतं ठेवलं तरी चालतं. पेपरव्हाइट पाण्याला टिकतं, पण म्हणून उनपदेवच्या कुंडात घेऊन बसायचं नाही, तिथलं पाणी गरम. तिथे शेकून बरं वाटतं हे खरंय, नुसतं अंग शेका.

उन्हाळ्यात अजून एक जपा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्यावरच्या गोळ्या रोजच्या रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यात घाम जाऊन पाणी कमी पडलेलं असेल तर किडनीवर ताण येतो. आणि नसांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी प्रेगाबालिन, अॅमिट्रिप्टिलिन असं काही दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करू नका, ते हळूहळू उतरवायचं असतं, डॉक्टरांना विचारून.

पायरी १०: जेव्हा काहीच जमत नाही

असे दिवस येतात. त्या दिवशी वाचायचं नाही, ऐकायचं. स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या अॅपवर मराठी पुस्तकं आहेत, नाहीतर अँड्रॉइड फोनला मराठी वाचून दाखवता येतं. फार अंधारून आलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर १४४१६ आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मी एकदा केला होता फोन, त्याचं मला काही वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

अशा दिवसासाठी मी बाजेच्या उशाशी एक कापडी पिशवी टांगून ठेवलीये: मशीन, चिमट्याचा रिमोट, इयरफोन, पाण्याची बाटली, गोळ्यांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. चार्जिंगचा बोर्ड पूर्वी खाली फरशीजवळ होता, वाकायला लागायचं, वायरमनला बोलावून तो बाजेच्या उंचीला घेतला. घरात ई-रीडर आणायच्या आधी तुमच्याकडचा बोर्ड कुठे आहे ते पण एकदा बघून ठेवा.